दुर्बिणीचें रबरी कवच

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या कांठीं वसलेल्या देऊळघाटास वर्षांतून दोन अगदीं निराळ्या हवा सोसाव्या लागतात. वैशाखांत कातळ तापून निघतो. मृग बरसूं लागला कीं भिंतींना ओल येते. लांकूड, कातडें आणि कागद यांवर या ऋतूंचा काय परिणाम होतो हें प्रत्येक घरास ठाऊक असतें. रबराचा विचार मात्र कोणी करीत नाहीं. या जिल्ह्यांत ज्ञानगंगेचें अभयारण्य आहे, आणि २०१९ सालीं टिपेश्वरचा एक वाघ हजारावर किलोमीटर चालून तेथें पोहोंचला. अशा मुलखांत दुर्बीण ही चैनीची वस्तु राहत नाहीं, आणि जुनी रबरी कवचाची दुर्बीण ज्याच्याकडे असेल त्यास ती टिकविण्याची चिंता असते.

रबर हा मुळांत मोठा लहरी पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत रबरी बूट व कोट विकले जात. ते उन्हाळ्यांत पाघळत आणि थंडींत ताठ होत. १८३९ सालीं चार्लस गुडइयर यांस गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति सांपडली. पण हें पक्केपण कायमचें नव्हे. ऊन, उष्णता, प्राणवायु व ओझोन त्यास हळूहळू खातच असतात.

दुर्बिणीशीं त्याचा असा संबंध बराच उशिरां आला. लोलकांची योजना इटलीच्या पोरो यांनीं १८५४ सालीं केली. येना येथील झाइसच्या कारखान्यानें आबे यांच्या मार्गदर्शनाखालीं १८९४ सालीं तशा दुर्बिणी बाजारांत आणल्या. त्यांच्या धातूच्या देहावर बहुधा कातडें चढविलेलें असे. खाऱ्या पाण्यापुढें कातडें फार काळ तग धरीत नसे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांवरील दुर्बिणींना जाड रबराचें आवरण मिळालें, आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या लष्करानेंही तेंच स्वीकारलें. पुढें शिकारी व पक्षिनिरीक्षक यांच्याही गळ्यांत अशा दुर्बिणी आल्या.

कवच पाहून दुर्बीण जलाभेद्य आहे असें पुष्कळांस वाटतें. तो भ्रम होय. पाणी थोपविण्याचें काम सांध्यांतील रबरी कड्या करतात, आणि त्याही कालांतरानें कडक होतात. बाहेरचें आवरण धक्के सोसतें एवढेंच. तें सैल झाल्यास उलट त्याखालीं ओल कोंडते व धातूस गंज चढतो.

दुसरी चूक अधिक प्रेमानें केली जाते. जोड्यांना व लांकडाला तेल लावणारा गृहस्थ दुर्बिणीवरही खोबरेलाचा हात फिरवितो. पहिल्या दिवशीं ती काळीभोर, तुकतुकीत दिसते. पण नैसर्गिक रबर तेल शोषून फुगतें व मऊ पडतें. रॉकेल, पेट्रोल व थिनर हीं तर शत्रूच होत. मऊ ब्रशानें धूळ झाडावी, सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेलें फडकें फिरवावें, नंतर साध्या पाण्याचें, शेवटीं कोरडें. याहून अधिक कांहीं लागत नाहीं. कवचावर दिसणारी पांढुरकी पूड ही बुरशीच असेल असें नव्हे. पुष्कळदां तें आंतून वर आलेलें गंधक वा मेण असतें. अलीकडचे मखमली स्पर्शाचे कृत्रिम लेप मात्र दमट हवेनें विघटित होऊन चिकटतात, आणि एकदां चिकटलेला लेप पूर्ववत् होत नाहीं. तो काढविण्यासाठीं कारागीरच गांठावा.

भिंगांची जात याहून नाजूक. १९३५ सालीं झाइसच्या स्माकुला यांनीं भिंगावर अत्यंत पातळ लेप देण्याची रीत काढली; जांभळट झांक दिसते ती अशाच लेपाची. धोतराच्या सोग्यानें तें भिंग पुसणारा माणूस त्यावरील धुळीचे कण त्यावरच घासतो. आधीं फुंकणीनें धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि अगदीं अखेरीस स्वच्छ सुती कापड. आंत बुरशीचें जाळें दिसल्यास स्क्रू खोलण्याचा मोह आवरावा. लोलक केसभर हलला तरी दोन डोळ्यांना दोन निरनिराळीं चित्रें दिसूं लागतात.

पावसाळ्यांत कातडी पेटी ओल धरते; त्या दिवसांत दुर्बीण घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. निळ्या प्रकारचे दाणे गुलाबी झाले कीं ओल भरली असें समजून ते तापवून पुन्हां घालावे लागतात. आषाढ-श्रावणांत हें काम वरचेवर निघतें.