हिमोग्लोबिन किती ते कळलं, पण कोणतं आहे? लग्नाआधीच करून घ्या ही तपासणी

चकलांबा (ता. गेवराई) : रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ निघालं, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या. पण तीन महिने नेमानं गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही, असं काही घरांत होतं. दर वेळी दोष खाण्यापिण्याचाच असतो असं नाही. साध्या तपासणीत हिमोग्लोबिन किती ते कळतं. ते कोणत्या प्रकारचं आहे, यासाठी ‘एचपीएलसी’ ही वेगळी तपासणी लागते. शुगरची ‘एचबीए१सी’ वेगळी.

तपासणी कशी होते?
हातातून दोन-तीन मिली रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. उपाशी राहावं लागत नाही. मशीनमध्ये रक्तपेशी फोडून त्यातलं हिमोग्लोबिन एका बारीक नळीतून दाबानं सोडतात. प्रत्येक प्रकार वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो, त्यावरून टक्केवारी निघते.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?
• ए : मोठ्या माणसात साधारण ९५ टक्क्यांच्या पुढं.
• ए२ : साडेतीन टक्क्यांच्या आत. ४ च्या पुढं गेलं तर बहुधा थॅलेसेमियाचा वाहक.
• एस : दिसलं तर सिकलसेल. ‘ए’ जास्त, ‘एस’ कमी असेल तर बहुतेक वाहक. ‘एस’च जास्त असेल तर आजार.
• एफ : तान्ह्या बाळात जास्तच असतं, घाबरू नये.

अंगात लोह कमी असेल तर ‘ए२’ कमी दिसू शकतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगावं, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

लग्नाआधी का?
वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडं मामाच्या मुलीशी सोयरीक होते. एकाच घराण्याचं रक्त असल्यानं तिथं धोका वाढतो. थॅलेसेमिया मेजर झालेल्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी जन्मभर रक्त लागतं. लग्नाआधी राहून गेलं तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तरी तपासणी करावी.

केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट आहे.

तपासणी कुठं होईल, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावं. ऊसतोडीला निघण्याआधी विचारलेलं बरं. डॉक्टरांना न विचारता गोळ्या मात्र बंद करू नयेत.