फवारणीत विषबाधा झाली तर काय करायचं? दवाखाना, पोलीस, तहसील आणि कोर्ट : कुठं, कधी आणि कोणते कागद घेऊन जायचं

यवतमाळ : पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की फवारणीचा जोर वाढतो आणि त्याच दिवसांत विषबाधेचे रुग्णही दवाखान्यात येऊ लागतात. अशा वेळी घरचे लोक आधी जीव वाचवायच्या मागे असतात, आणि ते बरोबरच आहे. पण पहिल्या दिवशी दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात जे लिहिलं जातं, त्यावर पुढची मदत अवलंबून असते. जिल्हा प्रशासनाच्या कोणत्या खात्याकडे कोणतं काम आहे आणि आपल्या हातात काय आहे, त्याची ही माहिती.

२०१७ मध्ये काय झालं होतं

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला पोचली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. अनेकांच्या पाठीवर जोरात फवारा मारणारे नवे पंप होते आणि अंगावर फक्त बनियन.

राज्य सरकारनं अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. काही कृषी केंद्रचालकांवर गुन्हे दाखल झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही गेलं. जिल्ह्यातल्या काही पीडितांनी तर २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयात एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीनं जबाबदारी नाकारली. पण कोणत्या औषधानं बाधा झाली हे सांगण्यासाठी तिथंही आपल्या जिल्ह्यातल्या पोलिसांच्या नोंदींचाच आधार घेतला गेला. गावच्या ठाण्यात लिहिलेला कागद किती दूर जातो, हे त्यातून दिसतं.

पहिला तास : शेतातच करायच्या गोष्टी

लक्षणं ओळखा : डोळ्यांपुढं अंधुक दिसणं, डोकं गरगरणं, खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ-उलटी, छाती भरून येणं, हातपाय थरथरणं. यातलं काहीही दिसलं तर "थोडं सावलीत बसतो, बरं वाटेल" असं करू नका.

- रुग्णाला फवारलेल्या शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणा.
- भिजलेले कपडे काढा. अंग साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी.
- डोळ्यात औषध गेलं असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा.
- मुद्दाम उलटी करवू नका. दूध, तूप, ताक, लिंबू काहीही पाजू नका.
- शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा.
- १०८ वर फोन करा. गाडी यायला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा.
- औषधाचा डबा किंवा पुडी, तिच्यासोबतचं माहितीपत्रक आणि बिल सोबत घ्या. डबा सांडणार नाही अशा बेतानं पिशवीत बांधा.

डबा सोबत नेणं फार महत्त्वाचं आहे. काही औषधांवर अॅट्रोपिनसारखा उतारा चालतो, काहींवर उताराच नाही. कोणतं औषध अंगात गेलं हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळे डबे न्या आणि मिसळल्याचं स्पष्ट सांगा.

कोणत्या दवाखान्यात जायचं

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथं सलाईन, अॅट्रोपिन सुरू करून पुढं पाठवता येतं. उमरखेड, वणी, झरी-जामणीकडून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढेमागे आहे. उपचार सुरू न करता एवढा प्रवास करणं धोक्याचं आहे. पुसद, दारव्हा आणि पांढरकवडा इथं उपजिल्हा रुग्णालयं आहेत. व्हेंटिलेटरची गरज पडण्याइतका रुग्ण गंभीर असेल तर यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं "मेडिकल".

रुग्णाला बरं वाटलं म्हणून लगेच सुट्टी मागू नका. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांत पहिली लक्षणं ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. असं घरी झालं तर दवाखाना गाठेपर्यंत उशीर होतो.

"विष घेतलं" की "फवारताना बाधा झाली"?

पुढच्या सगळ्या गोष्टी या एका ओळीवर अडतात. विषबाधेचा रुग्ण आला की दवाखाना ती पोलीस केस म्हणून नोंदवतो आणि ठाण्याला कळवतो. घाबरायचं कारण नाही, ही नेहमीची पद्धत आहे. पण आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण मोठं असल्यानं "कीटकनाशक" म्हटलं की विष घेतलं असावं, असा समज पटकन होतो. गडबडीत नातेवाईकही "औषध पोटात गेलं" एवढंच सांगून मोकळे होतात. कागदावर "विष प्राशन" असं उतरलं तर शेतकरी अपघात अनुदानाचा अर्ज तिथंच अडतो, कारण आत्महत्या त्या योजनेत बसत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबासाठी १ लाखाची वेगळी मदत आहे. तिचे निकष आणि चौकशी वेगळी असते.

म्हणून दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा : कोणत्या शेतात, कोणत्या पिकावर, किती वाजल्यापासून फवारणी चालू होती, कोणतं औषध होतं, त्रास कधी सुरू झाला. "फवारणी करताना श्वासातून किंवा अंगावर उडून बाधा" असं केसपेपरवर लिहिलं आहे का, ते वाचून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जे खरं आहे तेच सांगायचं, पण ते पूर्ण सांगायचं.

पोलीस आणि पोलीस पाटील

रुग्ण दगावला तर पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद घेतात, मरणोत्तर पंचनामा करतात आणि शवविच्छेदनाला पाठवतात. व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. दुःखाच्या भरात काही घरं शवविच्छेदन नको म्हणतात. मात्र अनुदानाच्या प्रस्तावाला पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि रासायनिक तपासणीचा अहवाल हे तिन्ही लागतात. व्हिसेरा राखला का, कोणत्या तारखेला पाठवला आणि ठाण्यातला नोंद क्रमांक काय, हे लिहून ठेवा. अहवालाला वेळ लागतो, तेव्हा तोच क्रमांक घेऊन ठाण्यात विचारणा करता येते.

गावातल्या पोलीस पाटलांना लगेच कळवा. पंच म्हणून त्या दिवशी शेतात सोबत असलेले लोक असावेत. पंप, डबे, उरलेलं औषध जागेवर असतानाच पंचनामा झाला तर तो पक्का होतो. बंदी असलेलं किंवा बनावट औषध विकल्याचा संशय असेल तर ठाण्यात तक्रार द्या. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

कृषी विभागाचं काम

कृषी केंद्रांची तपासणी करणं, औषधाचे नमुने घेणं, परवान्यावर कारवाई करणं हे गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांचं काम. तालुक्याला तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे कृषी विकास अधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्याच्या कलम २७ नुसार लोकांच्या जिवाला धोका दिसला तर राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री ठरावीक भागात ६० दिवसांपर्यंत थांबवू शकतं आणि तपास अपुरा असेल तर आणखी ३० दिवस वाढवू शकतं. कायमची बंदी घालणं हा केंद्राचा अधिकार आहे. म्हणूनच २०१७ नंतर राज्यानं घातलेल्या बंद्या तात्पुरत्या होत्या. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे औषध बंद करण्याचा आदेश केंद्रानं २०२३ मध्ये काढला.

विकलेल्या प्रत्येक औषधाचं बिल देणं दुकानदारावर बंधनकारक आहे. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर बघून घ्या. कोऱ्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधाची तक्रार सिद्ध करणं फार अवघड जातं.

तहसील : शेतकऱ्याच्या घरासाठी २ लाख

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या प्रकारानुसार १ किंवा २ लाख. दवाखान्याचा खर्च यात मिळत नाही.

- वय १० ते ७५ असावं.
- सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला नाव नसलेला एक सदस्य यांना लाभ आहे.
- प्रस्ताव तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा.
- महसूल, पोलीस आणि कृषी यांचं पथक जागेवर येऊन अहवाल देतं. तहसीलदारांची समिती निर्णय घेते.

एखादा अहवाल आला नाही म्हणून प्रस्ताव घरात ठेवू नका. मुदतीत अर्ज द्या, पोच घ्या आणि राहिलेला कागद नंतर जोडा.

मजुराच्या घराचं काय?

२०१७ च्या मृतांमध्ये भूमिहीन मजूरही होते. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणाऱ्याच्या घरात सातबाराच नसेल तर वरची योजना त्याला लागू होत नाही. ही मोठी उणीव आहे. त्यामुळे अशा घरानं पुढच्या वाटा माहीत करून घ्याव्यात.

१. कामगार नुकसानभरपाई : कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या यादीत शेतीत कीटकनाशक फवारणाऱ्या मजुराचा उल्लेख आहे. हा कायदा पुढे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये घेतला गेला. दावा काम देणाऱ्यावर होतो, म्हणजे बहुतेक वेळा गावातल्याच कास्तकारावर. त्यामुळे लोक संकोचतात. पण समोरासमोर बसून, लोकअदालतीतून तडजोड करता येते. त्या दिवशी कोणाच्या शेतात, किती रोजानं काम होतं, याचे साक्षीदार लिहून ठेवावेत.

२. बँकेचा विमा : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं कवच आहे, वय १८ ते ७०. जीवन ज्योती विम्याचा हप्ता ४३६ रुपये, वय १८ ते ५०. मृताच्या पासबुकात अशी कपात झाली आहे का ते बघा आणि बँकेला लगेच लेखी कळवा.

३. तहसीलची मदत : दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकदाच मिळतात. निकषात बसणाऱ्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून मासिक अनुदान मिळतं.

मोफत वकील

यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. नुकसानभरपाईचा दावा कोणत्या कलमाखाली करायचा, नाकारलेल्या प्रस्तावाविरुद्ध दाद कुठं मागायची, सदोष औषधाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जायचं का, हे तिथं साध्या अर्जावर विचारता येतं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं आहे.

एका पिशवीत जपायचे कागद

- औषधाचं बिल, डब्याचे आणि लेबलचे फोटो
- केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट
- पोलीस नोंद क्रमांक, पंचनामा, शवविच्छेदन आणि व्हिसेरा अहवाल
- मृत्यू दाखला, आधार, वयाचा पुरावा
- सातबारा, वारस नोंद
- पासबुक
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच

सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा.

फवारणीआधी

डब्यावरचा चौकोन बघा : लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाऱ्याच्या उलट दिशेनं आणि उपाशीपोटी फवारू नका. सलग दिवसभर एकाच माणसानं पंप घेऊ नये. मजूर लावला असेल तर त्याला ही साधनं देणं शेतमालकाचं काम आहे.

कामाचे फोन

- रुग्णवाहिका : १०८
- पोलीस व तातडीची मदत : ११२
- विषबाधा माहिती केंद्र, एम्स दिल्ली : १८००-११६-११७
- किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१
- मोफत कायदेशीर सल्ला : १५१००