तीन कातडी आणि एक छायाचित्र

न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून थोडाच मोठा समुद्रपक्षी दीर्घकाळ नामशेष समजला गेला. पुरावा म्हणून होती ती एकोणिसाव्या शतकात जमवलेली तीन कातडी, पॅरिस आणि इंग्लंडमधल्या संग्रहालयांत. जानेवारी 2003मध्ये पक्षीनिरीक्षकांच्या बोटीवरून त्याची छायाचित्रे निघाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या हौराकी आखातात तसे अनेक पक्षी दिसले. या पुनर्शोधाचे श्रेय तीक्ष्ण नजरेला दिले जाते. माझ्या मते ते कॅमेरा आणि संग्रहालयाचे खण यांच्या जोडीला आहे. लाटांवर क्षणभर चमकून जाणाऱ्या पक्ष्याच्या पांढऱ्या पोटावरच्या काळ्या रेषा डोळा मोजू शकत नाही, चित्र मोजू देते. पण जुनी कातडी नसती, तर ते चित्र कशाशी ताडायचे?

हा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलचाच (आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरही दिसतो तो) विचित्र रंगाचा नमुना असेल, हा आक्षेप सुरुवातीला रास्तच होता. पण रंगाची विकृती एखाद्या पक्ष्यात दिसते, एकाच घाटाच्या अनेकांत नव्हे. पुढे पकडलेल्या पक्ष्यांचा डीएनए जुन्या कातड्यांशी जुळला आणि 2013मध्ये त्याच आखातातल्या लिटल बॅरिअर बेटावर वीणही सापडली. या बेटावरून मांजरे 1980मध्ये हटवली गेली. म्हणजे मांजरांमुळे पूर्वी पक्षीच कमी होते, म्हणून ते दिसले नाहीत, असे कोणी म्हणेल. ते मला बरेचसे पटते. तरीही ‘विल्सन्सच असणार’ म्हणून सोडून दिलेल्या पक्ष्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.