जठरव्रण व त्याचा जंतु

औषध हातीं असूनही रोगाचें कारण चुकीचें ठरलें, तर रोगी बरा होत नाहीं. जठर व लहान आंतडें यांना होणाऱ्या व्रणाचा इतिहास या गोष्टीची चांगली साक्ष देतो.

अपरात्रीं पोटांत आग पडावी, कळ उठावी, प्रसंगीं रक्ताची वांती व्हावी, आणि व्रण आरपार फुटल्यास प्राणावर बेतावें, असें या व्याधीचें स्वरूप. विसाव्या शतकाच्या आरंभीं विद्वानांनीं तिचें सारें खापर जठरांतील आम्लावर फोडलें. आम्लावांचून व्रण होत नाहीं, हें सूत्र झाग्रेब येथील शल्यवैद्य श्वार्त्स यांनीं १९१० सालीं मांडलें. सूत्र निराधार नव्हतें. आम्लानें व्रण चिघळतो हें खरेंच. परंतु चिघळविणारा तोच उत्पन्न करणारा, असें गृहीत धरलें गेलें, आणि तेथेंच चूक झाली.

उपचारही त्या मताला धरूनच ठरले. शिकागोचे डॉक्टर सिपी १९१५ च्या सुमारास रोग्यांना तासातासाला दूध व साय देऊं लागले. शल्यवैद्य जठराचा भाग कापून काढीत, अथवा आम्ल स्रवविणारे मज्जातंतु तोडीत. पुढें १९७६ सालीं सिमेटिडिन नांवाच्या आम्लरोधक गोळ्या इंग्लंडांत मिळूं लागल्या. गोळ्या चालू असेपर्यंत आराम पडे. त्या थांबल्या कीं बहुतेकांचा व्रण पुन्हा डोकें वर काढी. मग दोष रोग्याच्या चिंतेला, नाहीं तर त्याच्या तिखट जेवणाला!

या मताला ग्रीस देशांत एकानें आव्हान दिलें होतें. ज्या मेसोलाँगी गांवीं १८२४ सालीं कवि बायरन मरण पावला, तेथें लिकुदिस नांवाचे डॉक्टर राहत. १९५८ सालीं स्वतःच्या पोटाच्या दुखण्यावर त्यांनीं प्रतिजैविक औषध घेतलें व त्यांना गुण आला. पुढें व्रणाच्या रोग्यांनाही ते तशींच औषधें देऊं लागले. परंतु रोग कोणत्या जंतूचा, हें त्यांना दाखवितां येईना. १९६८ सालीं त्यांना ४,००० द्राख्मांचा दंड झाला, आणि १९८० सालीं, आपलें म्हणणें खरें ठरलेलें पाहण्यापूर्वींच, ते वारले.

तो जंतु सांपडला ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं. तेथील रॉयल पर्थ रुग्णालयांत रॉबिन वॉरन हे रोग्यांच्या शरीरांतून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत. १९७९ सालीं त्यांना जठराच्या सुजलेल्या अस्तरावर वांकडे जंतू दिसले. इतक्या तीव्र आम्लांत जंतु जगेलच कसा, अशी शंका घेऊन इतरांनीं तिकडे काणाडोळा केला. १९८१ सालीं बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतु प्रयोगशाळेंत वाढविण्याचे प्रयत्न चौतीस रोग्यांच्या बाबतींत फसले, कारण दोन दिवसांत कांहीं न उगवलेल्या तबकड्या फेंकून देण्याची रीत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीमुळें एक तबकडी पांच दिवस तशीच राहिली, आणि तीवर जंतूंची वाढ दिसली. जंतु मंदगति होता, एवढेंच! तो युरियापासून अमोनिया तयार करतो व त्यायोगें आपल्याभोंवतींचें आम्ल मारतो, हें त्याच्या जगण्याचें रहस्य. त्याला पुढें हेलिकोबॅक्टर पायलोरी हें नांव मिळालें.

तरीही विरोध मावळेना. १९८४ सालीं मार्शल यांनीं जंतु कालविलेलें द्रव्य स्वतः प्राशन केलें. थोड्याच दिवसांत मळमळ व वांत्या सुरू झाल्या; श्वासाला दुर्गंधि येऊं लागली. दहाव्या दिवशीं जठरांत नळी घालून पाहतां अस्तर सुजलेलें व जंतूंनीं व्यापलेलें आढळलें. यावरून जंतूनें दाह होतो हें ठरलें. व्रण मात्र झाला नव्हता. ती उणीव १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, शंभर रोग्यांवरील प्रयोगानें भरून काढली. ज्यांच्या पोटांतील जंतु नाहींसा झाला, त्यांपैकीं शेंकडा २१ जणांचा व्रण वर्षभरांत उलटला; ज्यांचा जंतु टिकला, त्यांच्यांत तेंच प्रमाण शेंकडा ८४ होतें. या आंकड्यांपुढें जुनें सूत्र टिकणें कठीण होतें. १९९४ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें असल्या व्रणावर प्रतिजैविक औषधांची शिफारस केली, आणि २००५ सालीं वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आज दोन प्रतिजैविक औषधें व एक आम्लरोधक, कधीं जोडीला बिस्मथ, असा सामान्यतः चौदा दिवसांचा उपचार देतात. भारतांत निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरांत हा जंतु असतो, पण पुष्कळांना त्याचा उपद्रव होत नाहीं. कांहीं व्रण तर वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकानें होतात. म्हणून परीक्षा केल्यावांचून औषध घेणें, किंवा बरें वाटतांच तें अर्ध्यावर सोडणें, दोन्ही घातक. कारण कित्येक जंतू आतां या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. आम्लाच्या सूत्रानें शास्त्राला सत्तर वर्षें बांधून ठेवलें. पोटाच्या प्रत्येक कळेला जंतूच कारण, असें नवें सूत्र करून बसणें म्हणजे जुन्याच चुकीचा दुसरा अवतार होय.