नावापुरती उरलेली कासवे

क्यूबाच्या दक्षिणेस कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमन, लिटल केमन आणि केमन ब्रॅक ही तीन लहान बेटे आहेत. १० मे १५०३ रोजी कोलंबसची किड्यांनी पोखरलेली दोन जहाजे वाऱ्याने भरकटत त्यांतील दोन लहान बेटांजवळ आली. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा फर्डिनांड बरोबर होता. पुढे त्याने लिहून ठेवले, की बेटांवर आणि भोवतालच्या समुद्रात इतकी कासवे होती, की ती लहान लहान खडकांसारखी दिसत. म्हणून या बेटांना ‘लास तोर्तुगास’, म्हणजे ‘कासवे’, असेच नाव पडले.

या वर्णनाचा नंतरच्या दर्यावर्दींनी पुरेपूर उपयोग केला. त्या काळी जहाजावर ताजे मांस टिकवणे ही मोठी अडचण होती. समुद्री कासव उलथे करून ठेवले, की पळून जाऊ शकत नाही आणि अन्नाशिवायही बरेच दिवस जगते. म्हणजे न नासणारी शिदोरीच! १६५५ साली इंग्रजांनी जमैका जिंकल्यावर सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून कासवांनी भरलेली गलबते नियमाने तिकडे जाऊ लागली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील कासवे जवळजवळ संपली. केमनचे कासवमार क्यूबाच्या आणि पुढे निकाराग्वाच्या किनाऱ्याकडे वळले.

एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालणारा प्राणी संपला कसा? उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. हिरव्या कासवाला वयात यायला वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मादी साधारणपणे ज्या किनाऱ्यावर जन्मली, त्याच भागात अंडी घालायला परतते. वाळूवर आलेली मादी पकडणे सर्वांत सोपे. त्यामुळे मारली जात होती ती नेमकी पुढची पिढी घडवणारी कासवे. एका किनाऱ्यावरच्या माद्या संपल्या, तर दुसरीकडच्या माद्या त्यांची जागा सहसा घेत नाहीत.

१९६८ साली ग्रँड केमनवर कासवपालन केंद्र सुरू झाले. त्यासाठी अंडी आणि कासवे सुरिनाम, कोस्टा रिका अशा दूरच्या ठिकाणांहून आणावी लागली. केंद्रातून हजारो पिल्ले समुद्रात सोडली गेली. आज या किनाऱ्यांवर पुन्हा घरटी दिसतात. पण आनुवंशिक तपासणीनुसार त्यांतील बहुसंख्य माद्यांचे नाते केंद्रातील कासवांशी आहे. कासवे आली, फर्डिनांडने पाहिलेला वंश परत आला, असे म्हणता येत नाही.

‘केमन’ हे आजचे नावही मगरीच्या कॅरिब भाषेतील नावावरून आले. १५८६ साली ड्रेकच्या ताफ्याने येथे मगरी पाहिल्या होत्या. त्याही पुढे या बेटांवरून नाहीशा झाल्या.

जुनी प्रवासवर्णने आणि स्थलनामे यांत हरवलेल्या निसर्गाच्या नोंदी अशा दडलेल्या असतात. आपल्या परिसरातील गावे, ओढे आणि टेकड्या यांची नावे विद्यार्थ्यांकडून जमवून घ्या. ज्या प्राण्याचे किंवा झाडाचे नाव गावाला आहे, ते आज तेथे आहे का? नसेल, तर केव्हापासून नाही?