अवसेच्या रात्रीचा हिशेब

आपल्या पूर्वजांनी दिव्यांचा सर्वांत मोठा सण अमावास्येला बसविला. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल कोणाच्या ध्यानात येत नाही. आश्विनातली ही अवस म्हणजे वर्षातल्या उत्तम काळ्या रात्रींपैकी एक. पाऊस सरलेला असतो, धूळ बसलेली असते, चंद्राचा तर प्रश्नच नाही. अशा रात्री दारात चार पणत्या लावल्या म्हणजे त्या चार पणत्यांना काही किंमत येते. (त्रिपुरी पौर्णिमेला ऐन चांदण्यात देवळापुढची दीपमाळ पेटवतात, तो भाग निराळा. तेथे भक्तीचा मामला आहे. उजेडाची गरज कोणी विचारीत नाही.)

परंतु पणतीत तेल मावते ते किती? दोन-तीन तासांचे. पहिला प्रहर उलटला की एकेक दार काळोखात जाई, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा दुसरा भाग सुरू होई. दिवेलागणीनंतर लगेच उगवलेल्या कृत्तिका तोवर बऱ्याच वर आलेल्या असत. नऊ वाजून गेले की पूर्वेला मृग उगवे, आणि डोक्यावरून थोडी उत्तरेकडे देवयानीतली ती अंधूक तेजाची फुंकर दिसे. ती फुंकर म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा आहे आणि तिचा उजेड सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे आपल्याला अलीकडे, विसाव्या शतकात कळले. पण डोळ्यांना ती पूर्वीही दिसत होती. आज किती घरांच्या अंगणातून दिसते, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

मी येलदरीचा. जिंतूर तालुक्यातले, पूर्णाकाठचे हे गाव. महाराष्ट्राला ते धरणामुळे माहीत आहे. धरण उभे राहत होते तेव्हा मी पोरवयात होतो, त्यामुळे माझ्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात: चिमणीचा आणि बटणाचा. इतिहास लिहिणाऱ्यास असे दोन्ही काठ पाहावयास मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

चिमणीच्या भागाबद्दल आजकाल फार गोड बोलले जाते. ते खरे नव्हे. आमच्या भागात करडईचे तेल खाण्याला आणि रॉकेल दिव्याला, दोन्ही मोजून. रॉकेलची बाटली कोनाड्यात ठेवलेली असे आणि तिच्यावर आजीचा डोळा असे. वात चढवली की ती म्हणे, "अरे, दिवा जाळतूस का घर?" अभ्यासाला एक कंदील, स्वयंपाकाला एक चिमणी, गोठ्यात जाताना तोच कंदील उचलून न्यावयाचा. लग्नकार्यात गॅसबत्ती भाड्याने येई आणि तिच्याभोवती माणसांइतकेच किडे जमत. विंचूकाट्याची भीती होती, सापाची होती. रात्री बाळंतपण आले तर काय हाल होत, ते बायकांना विचारावे. त्या काळोखात परत जावे असे मी कोणास सांगणार नाही.

तथापि एक गोष्ट खरी. त्या काळातल्या प्रत्येक दिव्यामागे एक माणूस होता. दिवा कोणीतरी पेटवी, कोणीतरी त्यात तेल घाली, कोणीतरी काजळी पुसे, आणि काम झाले की कोणीतरी फुंकर घाली. विसरला तरी तेल संपून तो आपोआप विझे. आकाश शाबूत राहिले ते आमच्या रसिकतेमुळे नव्हे. तेल महाग होते म्हणून. या कंजुषीचा लाभ मात्र मोठा झाला. आजी सप्तर्षींना 'बाज' म्हणे. चार तारे बाजेचे चार खूर, मागचे तीन ती बाज पळवू पाहणारे चोर. घड्याळ घरात नव्हते. मृगाच्या पोटातले तीन तारे तिच्या लेखी 'तिकांडं', आणि ते कुठवर कलले यावर जात्याला बसण्याची वेळ ठरे.

ही केवळ आमच्या आजीची लहर नव्हती. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या व आसपासच्या गोंड वस्त्यांत हिंडून तेथले आकाशज्ञान टिपून घेतले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यांना तेथेही सप्तर्षींची बाज आणि चोर भेटले, आणि मृगात नांगर दिसला. बाज, नांगर, चोर: ज्याच्या घरात जे, ते त्याने आकाशात मांडले. पोथीतले ऋषी तेथे नंतर राहावयास आले की आधीपासून होते, हा वाद विद्वानांनी घालावा. शेतकऱ्याची आणखी एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. मृग नक्षत्राचे नाव त्याच्या तोंडी सर्वांत जास्त असते ते जूनमध्ये, पेरणीच्या वेळी. आणि त्या दिवसांत सूर्यच मृगात असल्याने ते नक्षत्र मुळी दिसतच नाही. ते पाहावयाचे तर दिवाळीतच.

शिकलेल्या मराठी माणसालाही हे आकाश परके नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले ते सामान्य वाचकासाठी. पुस्तक हातात घेऊन अंगणात यावे आणि तारे ओळखावेत, असा त्याचा थाट. त्या वेळी लेखकाला एवढेच गृहीत धरावयाचे होते की वाचकाला अंगण आहे आणि अंगणावर तारे आहेत. आज पहिल्याइतकीच दुसऱ्याचीही खात्री देता येत नाही.

विजेने आपल्याकडे पहिला धक्का दिला तो ताऱ्यांना नव्हे, होकायंत्राला. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात वीज आली. पुढे ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच पडला. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची अनेक दशकांची अखंड मोजणी चालली होती, आणि विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने नाजूक सुया बिथरल्या असत्या. मग अलिबागेस १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजणी करून दोन्हींचा मेळ घातला आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे ते काम थांबविले. ट्राम धावली १९०७ मध्ये. या घटनेचे मला फार कौतुक वाटते. ट्राम कोणी अडविली नाही. पण ती येण्यापूर्वी तिच्यामुळे काय मोडेल याचा विचार झाला आणि त्याची तजवीज झाली. पुढे दिव्यांच्या बाबतीत एवढे शहाणपण आपण दाखविले नाही.

दुसरी कथा आमच्याच जुन्या राज्याची. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या संस्थानात नवाब जफर जंग नावाचे एक आकाशवेडे सरदार होते. त्यांनी १९०१ च्या सुमारास विलायतेहून १५ इंची दुर्बीण आणवून हैदराबादेत आपली वेधशाळा थाटली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये संस्थानाने ती ताब्यात घेतली आणि बेगमपेठेस नेली. तीच निजामिया वेधशाळा. त्या काळी जगातल्या वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घेऊन प्रत्येक पट्ट्याची छायाचित्रे काढण्याचे एक प्रचंड काम हाती घेतले होते. त्यातले पट्टे हैदराबादेच्या वाट्याला आले, आणि येथल्या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या. राज्यकर्त्यांविषयी आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या मनात पुष्कळ काही आहे आणि ते सकारण आहे. परंतु या कामाला नमस्कार केला पाहिजे.

पुढे बेगमपेठेस शहराने वेढले. शेजारी विमानतळ झाला, रस्ते झाले, दिवे झाले. स्वातंत्र्यानंतर ४८ इंची मोठी दुर्बीण घ्यावयाचे ठरले तेव्हा ती तेथे बसविण्यात अर्थ उरला नव्हता. उस्मानिया विद्यापीठाने हैदराबादेपासून सुमारे ५५ किलोमीटरांवरचे रंगापूर हे खेडे निवडले. त्या वेळी वेधशाळेचे धुरीण प्रा. के. डी. अभ्यंकर होते. दुर्बीण तेथे उभी राहिली १९६८ मध्ये.

आणि १९६८ हेच येलदरीचे धरण पुरे झाल्याचे साल. एकाच जुन्या राज्याच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, एके ठिकाणी काळोख शोधीत दुर्बीण खेड्यात गेली आणि दुसऱ्या ठिकाणी खेड्यात वीज निघाली. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांतून फार अर्थ काढू नये. पण मला तो विसरता येत नाही.

आमचे धरण चार किलोमीटरांहून अधिक लांब. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटची तीन यंत्रे, एकूण साडेबावीस. 'आपल्या गावची लाईट' असे आम्ही छाती फुगवून म्हणत असू, जणू ती वीज तारेतून मुंबईस न जाता आमच्या कंदिलातच उतरणार होती. पहिला रस्त्यावरचा दिवा लागला तेव्हा त्याच्याखाली पोरे पुस्तके घेऊन बसली. मीही बसलो. तो पिवळट, मंद बल्ब होता. खांबापासून वीस पावले गेले की काळोख आणि वर बाज जागच्या जागी.

पुढचा बदल इतका हळू झाला की त्याची तारीख लिहून ठेवावी असे कोणाला वाटले नाही. बल्बाच्या जागी नळी आली, नळीच्या जागी पाऱ्याचा निळसर दिवा, मग सोडियमचा नारिंगी, आणि २०१५ नंतर देशभर सरकारी मोहिमेने एलईडी. वीज खरोखरच वाचली. पण उजेड इतका स्वस्त झाला की तो कोठे सांडतो याकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. उघड्या दिव्याचा काही भाग आडवा आणि वर जातो. हवेतली धूळ व बाष्प त्याला अडवून परत खाली उधळतात, आणि गावावर दुधाळ छत तयार होते. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा रंग अधिक, आणि निळा रंग हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते त्याच कारणाने. जगाच्या कृत्रिम उजेडाचा जो नकाशा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या घरून आकाशगंगा दिसत नाही.

येथे माझ्या शेतकरी भाऊबंदांचा आक्षेप येतो आणि तो मला पुरता मान्य आहे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ऐन थंडीत मध्यरात्री हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यावयास बांधावरून जाणाऱ्या माणसाला "आकाश बघा" म्हणणे हा चावटपणा होईल. त्याला पायाखाली उजेड हवा. माझे म्हणणे एवढेच की पायाखालीच हवा. त्याचे खरे औषध दिवसा वीज मिळणे हे आहे. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून त्याच दिशेने चालली आहे. सूर्याने पंप चालविला तर रात्र आपोआप मोकळी होईल. आणि मुलीबाळींनी उजेडातूनच घरी यावे, यावरही दुमत नाही. पण डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्याखाली बुबुळे आकसतात आणि खांबामागच्या सावलीत उभा असलेला माणूस मुळीच दिसत नाही, हे ज्याने त्याने करून पाहावे.

हे सारे शहरातल्या हौशी लोकांचे चोचले आहेत असे वाटत असेल, तर नागपूर जिल्ह्यातल्या पेंचकडे पाहावे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे राखीव काळोखाचे उद्यान, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ती मिळाली ती केवळ जंगल होते म्हणून नव्हे. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले दिवे बसविले, तेव्हा ती मिळाली. गावे अंधारात गेली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे, तळ्याकाठी दुर्बीण आहे, आणि वाघ पाहावयास आलेले लोक रात्री तारे पाहावयास थांबतात. अलिबागचे शहाणपण शंभरावर वर्षांनी पुन्हा दिसले, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो. यात एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. रंगापूरला, किंवा २००६ मध्ये पुण्याजवळ गिरवलीच्या डोंगरावर दुर्बीण गेली, तेव्हा काळोख शोधीत शास्त्रज्ञ दूर गेले. पेंचमध्ये प्रथमच दिव्याने मान खाली घातली आणि माणसे होती तेथेच राहिली.

आमच्यासारख्या लहान गावाला यासाठी मान्यतापत्र नको. बाजूंनी व वरून झाकलेली टोपी, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा, आणि रात्री अकरानंतर जेथे माणूस फिरकत नाही तेथला दिवा बंद: खर्च पत्र्याचा आणि आठवणीचा. आठवणीचा खर्च जड, कारण चिमणीला जी आजी होती ती बटणाला नाही. गेल्या वर्षी आमच्या आळीत दोन दिव्यांना डब्याच्या पत्र्याची टोपी बसविली. तिसऱ्या दिव्याचा मालक म्हणाला, "काका, आधी माझ्या दारातला उजेड कमी झाला नाही हे दाखवा, मग बोलू." मागणी रास्त होती. आम्ही त्याच्या दारात जुने वर्तमानपत्र नेले, टोपी घालून व काढून वाचून दाखविले. टोपी घातल्यावर अक्षर जास्त स्वच्छ दिसले. वर जाणारा उजेड खाली आला होता. त्याने मान डोलावली आणि विचारले, "मग या पत्र्याचे पैसे कोण देणार?"

त्यावर अजून बोलणे चालू आहे.