धायटीचं बिऱ्हाड

माघ-फाल्गुनात पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेला लागलं की उतारावरची धायटी पेटलेली दिसते. पुरुषभर उंचीचं झुडूप, पानं विरळ झालेली आणि फांद्यांना बिलगून बारीक नळ्यांसारखी लालभडक फुलं. जुन्या निघंटूंनी हिला ‘वह्निज्वाला’ म्हटलं, त्यात अतिशयोक्ती नाही. कूळ मेंदीचं, डाळिंबही त्याच भावकीतलं. आणि आपल्या मुलखातल्या यीस्टची कुळकथा सांगायची तर सुरुवात या झुडपापासूनच करावी लागते.

परदेशात घरी बिअर करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो यीस्टचा. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत खुलतं, लागरचं ८ ते १३ अंशांत. ११ ग्रॅमची पुडी वीसेक लिटरला पुरते. कोल्हापुरात हा प्रश्न पडायचं कारण नाही, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने विनापरवाना मद्य करणं हाच गुन्हा आहे. कौटिल्य त्या मानाने सैल. अर्थशास्त्रात सुरेवर सरकारी अध्यक्ष नेमलेला, तरी घरच्या कार्याला कुटुंबाने श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावं, अशी मुभा तो देतो. उत्सव-यात्रेला तर चार दिवसांची मोकळीक.

त्याच प्रकरणात ‘किण्व’ भेटतं. शाळेच्या पुस्तकातलं ‘किण्वन’ याच शब्दाचं नातवंड. कौटिल्याचं किण्व म्हणजे उडीद, तांदूळ आणि मोरटासारख्या वनस्पती एकत्र करून धरलेला गोळा. दारूचं विरजणच म्हणा. ‘मेदक’ नावाच्या मद्याला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. अर्धा आढक म्हणजे दोनच प्रस्थ. तांदळापेक्षा विरजण दीडपट! आजच्या पुडीवाल्याला हसू येईल. पण ज्याला यीस्ट दिसत नाही, तो मापात कंजुषी कशी करणार?

वैद्यांनी वेगळी वाट काढली. चरकाने ८४ आसवं मोजली, त्यांत फुलांची दहा, आणि त्या दहांत धायटी आहे. पुढे मात्र ती नुसतं एक द्रव्य राहिली नाही. द्राक्षासव असो, कुमारीआसव असो की दशमूलारिष्ट, आंबवायला धायटीची फुलं पडायचीच. फूलच आंबवतं असा समज सहज व्हावा. खरं काम फुलातल्या मधावर बिऱ्हाड केलेल्या रानटी यीस्टचं. फूल सुकलं तरी त्यातली चिवट पेशी तग धरते. ओल आणि गोड मिळालं की उठते. म्हणून दह्यासारखं शेजारणीकडे विरजण मागायला जायला नको. दर वसंतात डोंगर नवं देतो, आणि डोंगरातली माणसं ती फुलं वेचून, वाळवून बाजारात आणतात.

धायटी तुरट, टॅनिनने भरलेली. त्या तुरटपणात नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंचं फावत नाही. म्हणजे बिअरमध्ये यीस्ट आणि हॉप्स जी दोन कामं वाटून घेतात, ती इथे एकाच फुलात आली. माझ्या मते आपल्याकडची यीस्टची निवड ही अशी: जीव दिसत नव्हता, तर त्याचं घर निवडलं.

निवडीची दुसरी चाळणी गुळाची. आसवांसाठी शारंगधर या वैद्यकग्रंथकाराचा सर्वसाधारण नियम एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशांश प्रक्षेप, म्हणजे वरून घालायची औषधी पूड, असा आहे. आजच्या मापात द्रोण धरला जातो सुमारे १२ लिटरचा, तुळा पावणेपाच किलोच्या आसपास. एवढ्या घट्ट गोडीत ऐरागैरा जंतू टिकत नाही. गोडी सोसणारं यीस्टच उरतं, आणि तेही सगळी साखर संपवण्याआधी दमतं, म्हणून आसव शेवटपर्यंत गोड लागतं. कोल्हापूरला गुळाची वाण कधीच नव्हती, हा आमचा फायदा!

तिसरी गोष्ट उष्म्याची, आणि मला तीच सगळ्यांत हुशारीची वाटते. तुपाने माखलेलं, धुरी दिलेलं मडकं तोंड बंद करून धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरायचं. चैत्रात बाहेर ३८ अंश होऊ देत, राशीच्या पोटात दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी याच्या उलट केलं. त्यांचं ‘क्वाइक’ नावाचं घरगुती यीस्ट ३५-४० अंशांतही खुशाल काम करतं, आणि ते लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान् पिढ्या जपलं. त्यांनी जीव जपला, आपण जागा.

आंबण्यामागे जिवंत पेशी आहेत हे पाश्चरने बिअरवरच्या १८७६ च्या ग्रंथात ठासून मांडलं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवलं. पुडीची वंशावळ तिथून चालू होते.

मडक्याला मात्र सूक्ष्मदर्शक लागत नसे. महिनाभराने वैद्य त्याला कान लावायचा. आतली चुळबुळ थांबलेली असली, की तोंड उघडून पेटती काडी आत धरायची. विझली तर वायू अजून निघतोय, पुन्हा झाकायचं. तेवत राहिली, तर गाळायला घ्यायचं.